फिरतीचा तेरावा महिना

आमची नोकरी फिरतीची. औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन सातारा, कराड, सांगली अशा वाऱ्या चालतात. डॉक्टरांची वेळ, दुकानदारांची मागणी, साहेबांना रोजचा अहवाल, सारे मोबाईलवर. आणि त्याची मुदत अठ्ठावीस दिवस! आपल्या पंचांगात अधिक मास दर तिसऱ्या वर्षी येतो. मोबाईलच्या पंचांगात तो दरवर्षी. पगार बारा, रिचार्ज तेरा!

त्यातच जुलै 2024 मध्ये दर वाढले. माझा 239 रुपयांचा रिचार्ज 299 चा झाला. वर्षाला 780 रुपये जादा. ऑफिसचा फोनभत्ता मात्र होता तेवढाच.

म्हणून गेल्या श्रावणात महिनाअखेरीला रिचार्ज दोन दिवस लांबवला. कराडच्या स्टँडवर घरून फोन आला, "अहो, आई पडल्यात," आणि तुटला. मला उलट फोन करता येईना. शेवटी शेजारच्या एका कॉलेजकुमाराने आपला फोन पुढे केला. आईच्या पायाला नुसता मुका मार होता. जीव भांड्यात पडला.

रात्री घरी आल्यावर हिशेब मांडला. दोन दिवसांत वाचले होते एकवीस रुपये.

यंदा दिवाळीच्या यादीत पहिली ओळ आमच्या हिने स्वतःच लिहिली आहे : "ह्यांचा रिचार्ज." आकाशकंदील दुसरा!