खेड्यातील गरिबी आणि स्वयंसेवी संस्था : कारागिराने काय शिकावे?

चौक (भाईंदर) : उत्तनशेजारचे चौक हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी येथील बऱ्याच घरांची मिळकत अजून समुद्रावरच चालते. दरवर्षी जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला लागतात, हाती पैसा येत नाही. नेमका त्याच काळात जाळी दुरुस्तीचा आणि पुढच्या हंगामाचा खर्च उभा राहतो. विणकर, लोहार, शिवणकाम करणारा यांचीही हीच तऱ्हा आहे. हुनर हाती असते, पण माल घ्यायला वेळेवर भांडवल नसते. मग उधारीवर माल घ्यावा लागतो आणि तयार वस्तू त्याच व्यापाऱ्याला, तो सांगेल त्या भावाने द्यावी लागते. गरिबीचे मूळ पुष्कळदा येथे असते, कामचुकारपणात नव्हे.

माणदेशचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील माण हा कायम दुष्काळी तालुका. तेथे म्हसवड गावी समाजकार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यावी, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण रक्कम इतकी लहान, की बँक तिचे खाते उघडायला तयार नव्हती. यातूनच महिलांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायका खचल्या नाहीत. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला शाळा मिळाली नाही, पण हिशेब येतो, व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी ठणकावले. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बँक निघाली तरी काम करणारी बाई तिच्यापर्यंत जाणार कशी? बँकेत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बँकेची माणसेच दारात आणि बाजारात जाऊ लागली. नुसते कर्ज पुरत नाही, हे लक्षात आल्यावर 2006 मध्ये बायकांसाठी उद्योगशिक्षणाची शाळा निघाली. 2012 च्या दुष्काळात जनावरांची छावणीही उघडली, कारण गाय-म्हैस विकली गेली की कुटुंबाचे भांडवलच संपते.

बचत आधी, कर्ज नंतर

बचत गटांची पद्धतही स्वयंसेवी संस्थांनीच रुजवली. दहा ते वीस जणी दरमहा ठराविक रक्कम जमवतात आणि गरजू सभासदाला त्यातून कर्ज देतात. गहाण काही नसते. एकमेकींची ओळख आणि शब्द हीच हमी. 1992 मध्ये नाबार्डने असे 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि पुढे ही चळवळ देशभर पसरली.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आंध्र प्रदेशात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनी एकाच घराला अनेक कर्जे दिली आणि वसुलीचा तगादा लावला. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर 2010 मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. तेव्हा कर्ज म्हणजे मदत, असे समजणे चूक होय. त्या पैशातून धंदा वाढतो की केवळ मागची देणी फिटतात, हे आधी तपासावे.

आपल्यासाठी बोध

संस्था रस्ता दाखवते, पण पाऊस पाडू शकत नाही की मालाचा भावही ठरवू शकत नाही. तरीही कारागिरांना यातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, रोजचा जमाखर्च लिहिणे. दुसरी, एकाच धंद्यातील दहा जणांनी मिळून बचत करणे. ज्यांना व्याज नको, त्यांना आपसात बिनव्याजी कर्जाचा नियम करता येतो. तिसरी, कच्चा माल एकत्र आणि रोखीने घेणे, म्हणजे विकताना भाव बोलण्याची मोकळीक राहते.

व्यापारी बांधवांनीही ध्यानात घ्यावे, की कारागिराला दाबून घेतलेला माल एका हंगामापुरता नफा देतो. पुढच्या वर्षी तो काम सोडून मजुरीला गेला, तर दुकानात ठेवायला माल कोठून आणणार? त्याच्या हाती चार पैसे राहिले, तर तोच आपला उद्याचा गिऱ्हाईकही होतो.