आधी ऐकवावे, मग छापावे

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून भांडण व्हावे, हे मराठी घराचे एक लक्षणच आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही गोड भांडणे चालत आली आहेत. पण अंक वाचून झाल्यावर आणखीही एक गोष्ट घडते. तिची वाच्यता मात्र कोणी करीत नाही. घरातले कोणी तरी मनाशी म्हणते, ‘छे! असे तर मीसुद्धा लिहीन!’ आणि माळ्यावरची जुनी वही हळूच खाली येते.

मी मराठीचा प्राध्यापक. ज्याच्या घरी वजनकाटा असतो, त्याच्या दाराशी सारा गाव आपापली गाठोडी घेऊन येतो. तशा या वह्या माझ्याकडे अलिबागेस येतात. काट्याने वजन सांगावे, गाठोडे उघडू नये, हा माझा नेम. गेल्या वर्षी आषाढात तो मोडला.

जुलै महिना होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या, आणि कोळीवाड्यात हात आखडता. अशा एका दुपारी रेवदंड्याहून माझी एक जुनी विद्यार्थिनी भिजत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही आणि एक पत्र तिने टेबलावर ठेवले. पत्र कुठल्याशा प्रकाशकाचे. आपला कथासंग्रह प्रकाशनासाठी निवडला आहे, पाचशे प्रतींसाठी चाळीस हजार रुपये पाठवावेत, असा त्याचा मथितार्थ.

“आई पाटल्या गहाण ठेवते म्हणाली, सर. बंदी उठली की सोडवू.”

पाटल्या हा शब्द ऐकला आणि मला माझ्या पलंगाखालचे खोके आठवले. सत्ताविसाव्या वर्षी मीही असाच निवडला गेलो होतो. पहिल्या नोकरीत साठवलेले पैसे एका गृहस्थाच्या हाती दिले. करारपत्र केले नाही. कवीने कागद मागणे मला कमीपणाचे वाटले. पाचशे प्रती ठरल्या, घरी तीनशे आल्या. उरलेल्या ‘विक्रीस गेल्या’, त्या अजून परतल्या नाहीत. घरच्या तीनशेंतल्या शंभरेक वाळवीने वाचल्या. दुसरा वाचक मला आठवत नाही. त्या गृहस्थाचा राग मी वर्षानुवर्षे केला. पण खरे सांगायचे तर, छापण्यापूर्वी त्या कविता मी एकाही माणसाला वाचून दाखवल्या नव्हत्या. चूक तिथेच सुरू झाली होती.

मी वही उघडली. पहिली कथा महाबळेश्वरच्या बंगल्यात घडत होती. नायक धुक्याकडे पाहत पियानो वाजवीत होता.

“महाबळेश्वरला केव्हा गेली होतीस?”

“नाही गेले कधी.”

चहा येईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे निघाले. बोलता बोलता तिने आईची हकिकत सांगितली. एका पहाटे लिलावात आईने उधारीवर माल उचलला. घरी आणून पाहिला तर बर्फाखालचा निम्मा माल नरम. आईने तो तोट्यात विकला, पण तक्रार केली नाही. कारण नवरा आजारी होता तेव्हा त्याच विकणारणीने तिला महिनाभर उधार दिले होते.

“हे लिहिलेस का कुठे?”

“हे काय लिहायचे, सर? हे तर घरातलेच आहे!”

तेव्हा मी तिला आमच्याच जिल्ह्यातल्या एका लेखकाची गोष्ट सांगितली. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. तरुणपणी ते कविता रचीत, आणि मनासारखी साधली की अग्नीला अर्पण करीत. काशीस असताना तोच मान गंगेला मिळे. आपल्याच ओळींचा मोह सोडण्याची ती तालीम होती. आईला संस्कृत गीता कळत नव्हती. तिला समजेल अशी सोपी मराठी गीता तिला हवी होती, आणि ती मुलानेच लिहावी असे तिचे म्हणणे. आई १९१८ साली गेली. ‘गीताई’ लिहून झाली १९३०-३१ मध्ये. मध्ये बारा वर्षे गेली, पण कोणासाठी लिहायचे हे ते विसरले नाहीत. लिहून झाल्यावरही घाई केली नाही. आश्रमातल्या मुलींना ती शिकवून पाहिली. जिथे मुलगी अडली, तिथे शब्द बदलला. मग १९३२ साली पुस्तक छापून निघाले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या, याचे एक मूळ त्या अडणाऱ्या मुलींत आहे असे मला वाटते.

आपल्याकडे लेखनाचे मार्गदर्शन नाही असे नाही. ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालीच आले. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना कथेतली उणी जागा दाखवणारी पत्रे लिहीत. तसे पत्र आज क्वचितच येते. तेव्हा ते काम घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसावर सोपवावे. कथा मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा ‘छान आहे’ म्हणाला तर ते सौजन्य समजावे. ‘हे पुन्हा सांग’ म्हणाला, तर तिथे दुरुस्ती हवी.

मग पाठवावे. कुठे? ज्या अंकाचे दोन-चार जुने अंक आपण वाचले आहेत तिथे. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे धाडावी. सोबतचे पत्र चार ओळींचे असावे; त्यात आपल्या प्रतिभेची वाखाणणी नसावी. मूळ प्रत जवळ ठेवावी. दिवाळी अंकासाठी उन्हाळ्यातच पाठवावे. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजावी. तीन महिने उत्तर आले नाही तर नम्रपणे विचारावे. परत आली तर रुसू नये. एकदा वाचावी, सुधारावी आणि दुसरे दार ठोठवावे.

पुस्तकाचे म्हणाल, तर स्वखर्चाने छापणे हे पाप नव्हे. पण मग ते मुद्रकाशी रोख व्यवहार करून करावे: किती प्रती, कोणता कागद, केव्हा मिळणार, हे लिहून घ्यावे, आणि सर्व प्रती आपल्या ताब्यात असाव्यात. निवडीची शाल पांघरून पैसे मागणाऱ्यापासून जपावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखन कागदावर उतरताच हक्क लेखकाचा होतो. नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर कशाचे, हे विचारावे. शिवाय पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित तपासले जाते. पाटल्या तपासल्या जात नाहीत.

मुलगी वही घेऊन गेली. श्रावणात तिचा फोन आला. लिलावाची कथा तिने आईला वाचून दाखवली होती. पहिल्याच संवादाला आई हसली, “असं पुस्तकासारखं कोण बोलतं गं बाजारात?” पुढे नरम मालाचा प्रसंग आला तेव्हा मात्र आई गप्प झाली. उठून चुलीपाशी गेली, आणि तिथूनच म्हणाली, “तिचं नाव बदल. मग पाठव.”

कथा एका मासिकाकडे गेली, आणि परत आली. सोबत संपादकांच्या दोन ओळी होत्या: शेवट लांबला आहे, आवरून पुन्हा पाठवा. ती आता तिसऱ्यांदा लिहीत आहे. छापून येईल का, ते मी कसे सांगू? एवढे सांगतो की बंदी उठली, होड्या गेल्या, आणि पाटल्या आईच्या हातात आहेत.

या दिवाळीत तुमचीही वही माळ्यावरून खाली आली, तर फराळानंतर घरच्यांना बसवा आणि एक गोष्ट वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांची नजर ज्या ओळीला चकलीच्या डब्याकडे वळेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. पहिली दुरुस्ती तिथूनच सुरू करायची आहे.