रुमाल टाकून जागा अडवणारी गोळी

पाळणा लांबवणाऱ्या गोळीचा विषय निघाला की अनेक गृहिणींच्या मनात पहिली भीती येते ती हार्मोनची. पण जिच्यात हार्मोन मुळीच नाही, अशीही एक गोळी आहे. ती आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. १९५१ साली छत्तर मंझिल या जुन्या राजवाड्यात सुरू झालेली ही संस्था आता शहराच्या उत्तर भागात, विकासनगरच्या पलीकडे जानकीपुरम विस्तारात आहे. डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले सेंटक्रोमॅन हे औषध १९९१ साली 'सहेली' या नावाने बाजारात आले.

हार्मोन नसूनही ही गोळी काम कशी करते? उत्तर आपल्या पेशींत आहे. रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप प्रत्येक पेशीला कळत नाही. ज्या पेशीत त्या निरोपासाठी रिसेप्टर, म्हणजे ठरावीक घडणीचे प्रथिन असते, तिलाच तो कळतो. इन्सुलिनचा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर असतो, तर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्यतः पेशीच्या केंद्रात. इस्ट्रोजेन येऊन बसले की रिसेप्टरचा आकार बदलतो, तो जनुकांना जागे करतो आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार होऊ लागते.

एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी, तसे सेंटक्रोमॅन या रिसेप्टरवर जाऊन बसते. इस्ट्रोजेन येते, पण त्याची जागा अडलेली असते. निरोप पुढे जात नाही, अस्तर वेळेवर तयार होत नाही आणि फलित बीज रुजत नाही. बीजांडकोशाचे काम मात्र चालूच राहते.

हा रुमाल जागेवर राहायला हवा, म्हणून वेळापत्रक महत्त्वाचे. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करून पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची. चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोधही वापरावा. सात दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

सुरुवातीला पाळी लांबते. त्याने घाबरून गोळी सोडू नका. मात्र पंधरा दिवसांहून अधिक उशीर झाला तर गर्भधारणेची तपासणी करून घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही गोळी चालते. बीजांडकोशात गाठी असतील, नुकतीच कावीळ झाली असेल किंवा यकृताचा विकार असेल, तर ती घेऊ नये.

सरकारी आरोग्य केंद्रांत हीच गोळी 'छाया' या नावाने विनामूल्य मिळते. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा जरूर विचारा. आणि शक्य असेल तर पतीलाही सोबत न्या, कारण हा निर्णय दोघांचा आहे.