महिनाभर परदेशी, मैत्रिणींसह

परदेशी जावयाचे एवढे ठरविण्यास एक संध्याकाळ पुरते. कोठे जावयाचे हे चौघींनी मिळून ठरविण्यास आम्हांला अडीच महिने लागले. आपल्यापैकी कित्येक वाचक-भगिनींच्या आणि बंधूंच्या मनात असा एखादा बेत घोळत असेल, म्हणून त्या अडीच महिन्यांची हकीकत येथे सांगावी असे वाटले. यात्रा-कंपनीने आखून दिलेली सहल वेगळी. तेथे निवड कागदावर खूण करण्यापुरतीच असते. आपल्या पैशाने, आपल्या जबाबदारीवर आणि आपल्यासारख्याच हट्टी माणसांसह तीस दिवस बाहेर राहावयाचे म्हटले, की नकाशा उघडण्यापूर्वीच पुष्कळ गोष्टी उघड कराव्या लागतात.

आम्ही चौघी एकाच वसतिगृहात वाढलेल्या. आज एक गोव्यात शाळेत शिक्षिका आहे, एक हैदराबादेस संगणक-व्यवसायात, एक बडोद्यास संसार व लहानसा शिकवणीवर्ग सांभाळते, आणि प्रस्तुत लेखिका दिल्लीत भाषांतराच्या व संपादनाच्या कामात आहे. एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास एकत्र आलो, तेव्हा हैदराबादकरीण म्हणाली, “युरोप!” तिने ही हौस दहा वर्षे जपली आहे. मी व्हिएतनामचे नाव घेतले. बडोदेकरीण म्हणाली, “मला पंधरा दिवसांपेक्षा जास्त सांगू नका गं. सासूबाईंची प्रकृती तुम्हांला ठाऊकच आहे.” गोवेकरीण मात्र हसून एवढेच म्हणाली, “तुम्ही ठरवा, माझं मी बघते.”

वाचकहो, अशा मंडळात कोणी “माझं मी बघते” म्हटले, की तेथे थांबावे. या वाक्याचा अर्थ बहुधा असा असतो की खर्च झेपणारा नाही, परंतु तसे बोलून दाखविणे जिवावर येते. आम्ही पूर्वी एकदा या वाक्याकडे दुर्लक्ष केले होते. त्या लहानशा सहलीनंतर एका मैत्रिणीने कर्ज काढल्याचे दोन वर्षांनी कळले, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

या वेळी बडोदेकरणीने युक्ती काढली. प्रत्येकीने, तिकिटापासून परतीच्या रिक्षापर्यंत, आपल्याला सुखाने खर्चिता येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहावा. नाव घालू नये. चिठ्ठ्या एकत्र उघडाव्या. आणि सर्वांत लहान आकडा तोच सर्वांचा समजावा. चार चिठ्ठ्या उघडल्या. सर्वांत मोठा आकडा चार लाखांचा, सर्वांत लहान एक लाख पंचाहत्तर हजारांचा. ज्यांनी एकाच खोलीत वर्षानुवर्षे एकमेकींच्या वह्या उतरून काढल्या, त्यांना हस्ताक्षर ओळखू येणार नाही असे थोडेच आहे! पण पाहून न पाहिल्यासारखे करण्याइतक्या आम्ही आता मोठ्या झालो आहोत.

त्या आकड्याने युरोपचा प्रश्न जवळजवळ मिटविला. तरीही हैदराबादकरणीचा मान राखावा म्हणून आम्ही त्याचा नीट विचार केला, आणि त्यात एक गोष्ट ध्यानात आली, ती पैशाहून महत्त्वाची वाटली. शेनगेन करारातील देशांसाठी एकच व्हिसा चालतो, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, हे खरे. अर्ज मात्र ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच्याकडे करावा लागतो, किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा काढावा लागतो, बँकेचे हिशेब दाखवावे लागतात. प्रौढास 90 युरो शुल्क पडते आणि व्हिसा नाकारला गेला तर ते परत मिळत नाही. शिवाय निर्णय प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र होतो. चौघींपैकी तिघींना होकार आणि एकीला नकार आला तर? मग तिघींनी जावे काय? या प्रश्नावर फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले की अशा स्थितीत कोणीच जाऊ नये. आणि तसे ठरताच, ज्यात असा प्रसंग येण्याचा संभव फार तो देश या खेपेस नको, हेही ओघानेच आले. आपण कोठेही जाणार असाल तरी हा प्रश्न तिकिटे काढण्यापूर्वी एकमेकांना विचारून ठेवा. नंतर विचारला तर उत्तर रागाचे येते.

दुसरी अडचण पंचांगाची. शिक्षिकेला सुटी मे महिन्यातच, तेव्हा प्रवास मे महिन्यात. परदेशचा ऋतू आपल्या सुटीच्या सोयीने चालत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळजण विसरतात. श्रीलंका जवळ व स्वस्त खरी, परंतु मे महिन्यात तिच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मोसमी पाऊस येऊन थडकतो. माझ्या आवडत्या व्हिएतनाममध्ये 2023 सालच्या ऑगस्टपासून 90 दिवसांपर्यंतचा व्हिसा घरबसल्या मागता येतो, हानोईपासून हो-चि-मिन्ह नगरापर्यंत 1,726 किलोमीटरचा लोहमार्ग आहे, आणि मी-सोन येथील चाम राजांची शिवमंदिरे पाहण्याची मला फार इच्छा होती. त्या मंदिरांच्या जतनाचे काम आपल्या पुरातत्त्व खात्याने 2017 ते 2022 या काळात केले. परंतु मे महिन्यात त्या देशाच्या दक्षिणेस पावसाळा सुरू होतो आणि मध्यभाग व उत्तर चांगलीच तापते. दिल्लीचा उन्हाळा चुकविण्यासाठी हानोईच्या उन्हाळ्यात जाणे मलाच पटेना. मी माझा आग्रह सोडला. थोडे वाईट वाटले, हे कशाला लपवू?

राहिला इंडोनेशिया, आणि त्यातही जावा व बाली ही दोनच बेटे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे साधारणतः मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. आपल्याकडे शाळांना सुटी लागावी आणि तेथे आकाश निवळावे, हा योग चांगलाच जमून आला. जावा बेटावर पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत रेल्वे आहे. जकार्ताहून निघावे, योग्यकर्ता येथे उतरून आठ-दहा दिवस राहावे, पुढे ब्रोमो ज्वालामुखीचा परिसर पाहून बान्युवांगीस पोचावे आणि केतापांगच्या धक्क्यावरून बोटीने बालीतील गिलिमानुकला उतरावे. महिन्यात सात देश उरकण्यापेक्षा दोन बेटांवर कपडे धुऊन वाळत घालण्याइतके स्थिर राहावे, असे आमच्या वयाला वाटू लागले आहे.

योग्यकर्त्याजवळील बोरोबुदूरचा स्तूप नवव्या शतकातला. त्याच्या भिंतींवरील शिल्पपट 2,672 आणि बुद्धमूर्ती 504. युनेस्कोच्या साहाय्याने 1975 ते 1982 या काळात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. आता वर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि दगड झिजू नयेत म्हणून गवताच्या विणीच्या वहाणा घालावयास देतात. त्या वहाणांचे नाव उपानत. आमच्या व्यवसायातल्या माणसाला यापेक्षा अधिक आमिष ते कोणते? तेथील भाषेत नवऱ्याला सुआमी म्हणतात आणि बायकोला इस्त्री. (हे ऐकून बडोदेकरीण म्हणाली, “म्हणजे तिथंही कपड्यांचं काम आपल्यालाच!”) जवळच प्रांबानानची शिवमंदिरे आहेत व त्यांच्या सान्निध्यात 1961 पासून उघड्या रंगमंचावर रामायणाचे नृत्यनाट्य होत आले आहे. रवींद्रनाथ ठाकूर 1927 साली या बेटांवर येऊन गेले होते.

बालीत तर शकसंवत्सर चालते. तेथील नववर्षाचा दिवस न्येपी. त्या दिवशी चोवीस तास दिवे नाहीत, रहदारी नाही, विमानतळसुद्धा बंद. 2023 साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले, आणि दोहोंचा शकही एकच, 1945. दर वर्षी असे जुळतेच असे नाही. मार्चच्या सुमारास जाणाऱ्यांनी हा दिवस आधी पाहून ठेवावा, नाहीतर विमानाचा खोळंबा ठरलेला. आम्हां मे महिन्यात जाणाऱ्यांना वैशाखी पौर्णिमा सांभाळावयाची आहे. बोरोबुदूरला त्या दिवसांत बौद्ध भाविकांची मोठी दाटी होते.

जेवणाचा प्रश्न बडोदेकरणीचा, कारण ती मांस-मासे-अंडी काहीच खात नाही. जावाचे टेम्पे, म्हणजे आंबवून घट्ट केलेले सोयाबीन, तिला चालेल. गाडो-गाडो ही उकडलेल्या भाज्यांची व शेंगदाण्याच्या वाटणाची थाळीही चालेल. मात्र अंडे आणि कोळंबीचे पापड नकोत असे आधी सांगावे लागते. फसवी गोष्ट चटणीची. तेथल्या संबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत पुष्कळदा कोळंबीचे वाटण असते, आणि ते दिसत नाही. गोवेकरणीने ती सर्व चटणी आपल्याकडे सरकविण्याची तयारी दाखविली आहे.

तिचे पंधरा दिवसही असेच जमविले. जावाचा प्रवास आम्ही तिघी करू. ती 17 मे रोजी थेट बालीच्या देनपासार विमानतळावर उतरेल. घरून निरोप आलाच तर चोवीस तासांच्या आत बडोद्यास पोचता यावे, ही तिची एकमेव अट होती. बालीतून ती पाळता येते. ब्रोमोच्या पायथ्याशी आम्ही तिला तसा शब्द देऊ शकलो नसतो.

शेवटी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे आम्ही दंडास पात्र होता होता वाचलो. इंडोनेशियात पोचल्यावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असतो, शुल्क पाच लाख रुपिया. (आकड्याने घाबरू नये, रुपिया फार लहान नाणे आहे. बाली बेटाचा प्रवासी-कर निराळा, दीड लाख रुपिया.) आम्ही ‘एक महिना’ म्हणून 3 मे ते 3 जून अशी तिकिटे पाहत होतो. उतरण्याचा दिवस पहिला धरतात हे गोवेकरणीच्या लक्षात आले. बोटांवर मोजता ते 32 दिवस भरले. मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसास दहा लाख रुपिया दंड आहे. मुदत वाढवून घेता येते, पण दोन दिवसांसाठी तो खटाटोप कोण करणार? परतीचा दिवस 1 जून केला. हा नियम केव्हाही बदलू शकतो. आपण निघण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीचे सूचनापत्र पाहावे आणि पारपत्राची मुदत पुढे सहा महिने आहे ना, तेही पाहावे.

तिकिटे निघाली. हैदराबादकरणीने सर्वांची काढली व प्रती पाठविल्या. खाली तिने एकच ओळ लिहिली होती: “पॅरिसचा हिशेब बाकी आहे, विसरू नका.”