फोर-बाय-फोरचे स्प्रिंग, पाटे, शॉकअप बदलताय? पैसे देण्याआधी एवढं बघा

तारिहाळ (हुबळी) : पावसाळा सरला की गाडीच्या खालचं काम निघतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट असो, अणमोड असो, यल्लापूर-अंकोला मार्गावरचा आरबैल घाट असो, की नवलगुंदकडची काळी माती. सगळा मार शेवटी स्प्रिंग, पाटे आणि शॉकअपवरच येतो. गॅरेजमध्ये गेलं की दोनच वाक्यं कानावर पडतात. एक, "शॉकअप गेलेत, बदलून टाका." दुसरं, "बदलतायच तर दोन इंच उंच करून घ्या." दोन्हींत पैसे जातात. आणि चुकीचं काम झालं तर घाटाच्या वळणावर गाडी रस्ता धरत नाही. म्हणून हे काम नेमकं काय असतं, ते समजून घेतलेलं बरं.

कोण काय करतं?

स्प्रिंग किंवा पाटा गाडीचं वजन उचलतो. शॉकअप वजन उचलत नाही. तो स्प्रिंगची उडी आवरतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं. चाक वर-खाली झालं की ते तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या घर्षणात धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ गाडी हाणली की तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. गॅस शॉकअपमध्ये नायट्रोजन भरतात तो हा फेस कमी करायला.

यावरून एक गोष्ट सरळ कळते. गाडी मागून बसली असेल तर नवीन शॉकअप टाकून ती उठणार नाही, तो स्प्रिंगचा प्रश्न आहे. आणि खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर नवीन स्प्रिंगने ते थांबणार नाही, तो शॉकअपचा प्रश्न आहे.

तुमच्या गाडीला काय आहे?

जिप्सीला चारही चाकांवर पाटे. 2010 साली आलेल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. 2020 च्या नव्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग. पुढची चाकं स्वतंत्र, मागे सलग अॅक्सल. 2023 मध्ये आलेल्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आणि कॉइल. त्यामुळे "अमक्याने गाडीला हे लावलं, मलाही तेच द्या" हे चालत नाही.

टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट आवळून पुढची बाजू उचलून देतात. उंची वाढते, पण बार काही जास्त कडक होत नाही. उलट खड्ड्यात चाक खाली जायला जी जागा हवी, ती कमी होते. मग गाडी आपटायला लागते आणि दोष शॉकअपला दिला जातो.

खरंच बदलायची वेळ आलीय का?

सपाट जागी, गाडी रिकामी ठेवून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चारही आकडे लिहून ठेवा. डावं-उजवं यात ठळक फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा पाटा तुटलाय. शॉकअपवर नुसता तेलकट ओलसरपणा असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. ओघळ किंवा थेंब दिसला तर तो गेला. टायर गोल झिजण्याऐवजी जागोजागी खोलगट झिजत असेल, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जात असेल, तर तीही खूणच.

पाट्याच्या गाडीत सेंटर बोल्ट जरूर बघा. तो तुटला की अॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. बुश, शॅकलही तपासा. कुळेहून दूधसागरला पर्यटकांना नेणाऱ्या जिपांसारखं रोज पाण्या-चिखलातून जाणं असेल तर बुश आधी जातात. कितीतरी वेळा कुरकुर बुशची असते आणि बिल शॉकअपचं निघतं.

वजनाचा साधा हिशेब

नवीन स्प्रिंग किती कडक घ्यायची, हे हौसेवर नाही, वजनावर ठरतं. समजा मागच्या बाजूला लोखंडी बंपर, जादा चाक, हत्यारं मिळून कायमचं 120 किलो वाढलं. म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर 60 किलो. एक सेंटीमीटर दबायला 30 किलो लागणारी स्प्रिंग असेल तर गाडी 2 सेंटीमीटर बसेल. 40 किलोवाली घेतली तर दीड सेंटीमीटर. एवढ्या अर्ध्या सेंटीमीटरसाठी गाडी रिकामी असताना रोज धक्के खायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. शिवाय स्प्रिंग कडक घेतली की तिची उडी आवरायला शॉकअपही तेवढाच दमदार लागतो. म्हणून दोन्ही एकमेकांना जुळणारे घ्यावेत, आणि एका अॅक्सलवरची जोडी एकदमच बदलावी. एक बाजू नवी, एक जुनी असेल तर ब्रेक मारताना गाडी सरळ बसत नाही.

बसलेल्या पाट्याला ठोकून परत बाक देणं स्वस्त पडतं, पण तो बाक बहुतेक वेळा टिकत नाही. त्यापेक्षा नवा संच परवडतो.

काम चालू असताना काय बघायचं?

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणालाही खाली जाऊ देऊ नका. पक्की फरशी, चाकांना ओट, चॅसीखाली घोड्या, आणि मगच चाक काढायचं. मागच्या सलग अॅक्सलची कॉइल बऱ्याच गाड्यांत शॉकअप सोडून अॅक्सल हळू खाली घेतला की निघते. त्या वेळी अॅक्सलखाली जॅक हवा आणि ब्रेकचा होज, एबीएसची वायर ताणली जाऊ नये. पुढची चाकं स्वतंत्र असलेल्या बऱ्याच गाड्यांत मात्र पुढे स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली असते. ती कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय वरची नट सोडली तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. मेस्त्रीकडे चांगला कॉम्प्रेसर नसेल तर तिथे ते काम करूच नका. जुना गॅस शॉकअप कापायचा किंवा तापवायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

पाट्याचे यू-बोल्ट जुने परत वापरू नयेत. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. नवे लावल्यावरही 500 ते 1000 किलोमीटरला परत आवळून घ्यावेत.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट : रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा. ती तपासल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

उंच करायची असेल तर

दोन इंच उचलल्यावर फक्त उंची बदलत नाही. गाडीचा तोल वर जातो, स्टीअरिंगचा कोन बदलतो, प्रॉपेलर शाफ्ट आणि पुढच्या अॅक्सलच्या जॉइंटवर ताण येतो, होज अपुरा पडतो. पॅनहार्ड रॉड असलेला अॅक्सल एका बाजूला सरकतो. शॉकअपची लांबीही बदलावी लागते. तो आखूड पडला तर चाक खाली जाताना सगळा झटका त्याच्या दांड्यावर येतो, आणि जास्त लांब असला तर बंप स्टॉपच्या आधी तोच आतून आपटतो.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा असल्याने पाटी केए असो, एमएच असो की जीए, नियम तोच. झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागाने बदलणं ही दुरुस्ती; त्याला अडचण नाही. उंची वाढवायची असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

बिल पक्कंच घ्या

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. "बिल नको, 18 टक्के वाचतील" असं कुणी म्हणालं तर ते वाचणारे पैसे वॉरंटीच्या बदल्यात जातात, हे धरून चाला. बिलावर भागाचा नंबर, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जुने भाग दाखवायला सांगा. काम झाल्यावर तेच चार आकडे टेपने पुन्हा मोजा आणि बिलाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी किती बसली, हे मग कुणाला विचारायला नको.