उसाच्या फडात राबणारे शरीरयंत्र

दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव भागातून ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांकडे निघतात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, प्रवरानगर येथे, १९५० च्या सुमारास घातला गेला. कारखान्याची यंत्रे फिरतात ती मात्र आधी फडात माणसाचे स्नायू राबतात म्हणून.

कोयत्याचा एक घाव घालताना शरीरात काय घडते? स्नायूला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळे स्नायू जोडीने काम करतात. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला की कोपर दुमडते; मागचा आखडला की ते सरळ होऊन कोयता खाली येतो. कोपराचा सांधा बिजागरीसारखा, तर खांद्याचा उखळीसारखा, म्हणून हात चहूकडे फिरतो. स्नायू कंडरेने सांध्याच्या अगदी जवळ हाडाला जोडलेला असल्याने त्याच्या बोटभर आकुंचनाने हात वीतभर सरकतो. वेगाच्या या लाभाची किंमत बळात मोजावी लागते. कोपर दुमडून तळहातावर ५ किलो वजन पेलताना दंडाच्या स्नायूला त्याच्या सुमारे सात-आठ पट ओढ लावावी लागते.

खरा ताण कमरेवर येतो. उसाच्या बुडख्यात साखर अधिक असते, म्हणून तो जमिनीलगतच तोडावा लागतो व कामगार दिवसभर वाकलेला राहतो. धडाचा भार पुढे झुकतो आणि त्याला सावरणारे पाठीचे स्नायू मणक्यांमधील चकतीपासून जेमतेम दोन इंच मागे असतात. भार जितका दूर, तितकी त्यांची ओढ जास्त. ही सारी ओढ चकतीला दाबते. त्यातच मजुरी टनावर मिळत असल्याने थकलेल्या स्नायूंना उसंत मिळत नाही. हिशेबात नवराबायकोचा मिळून एकच ‘कोयता’ धरतात. झिजतात मात्र दोन पाठी.

मोळी उचलताना गुडघे व खुबे वाकवून ती अंगालगत घेतल्यास मांड्यांचे व नितंबांचे बळकट स्नायू भार उचलतात आणि कमरेचा ताण हलका होतो. डोक्यावरील मोळीचा भार कण्यावरून सरळ खाली उतरतो खरा, पण मान व गुडघ्यांची त्यातून सुटका नाही. चकती सरकून मज्जातंतूवर दाब आला, तर कळ कमरेतून पायात उतरते. पाय बधिर होऊ लागल्यास केवळ शेक-मालिशीवर न विसंबता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लघवी अडल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये.