पुलाच्या नावाचे गाव

आयर्लंडच्या कार्लो परगण्यात, बॅरो नदीच्या दोन्ही काठांवर, जेमतेम हजारभर वस्तीचे एक गाव आहे. नाव लॉखलिनब्रिज. त्याचे इंग्रजी स्पेलिंग पाहून हा उच्चार कोणाला सुचेल, तर शपथ!

बॅरो ही त्या देशातली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी, सुमारे 192 किलोमीटरांची. नोर आणि शूर या दोघींना बरोबर घेऊन ती समुद्राला मिळते; म्हणून तिकडचे लोक या नद्यांना ‘तीन बहिणी’ म्हणतात. डब्लिनहून किलकेनीला जाणारी जुनी वाट नेमकी इथे नदी ओलांडी. तेव्हा उतार ज्याच्या हाती, मुलूख त्याच्या हाती! नॉर्मन सरदारांनी 1181 च्या सुमारास काठावर गढी बांधली आणि 1320 साली मॉरिस जाकिस नावाच्या धर्मोपदेशकाने दगडी पूल उभारला. क्रॉमवेलच्या फौजेने 1650 मध्ये गढी घेतली. आज तिचा अर्धा बुरूज तेवढा उभा आहे. पूल मात्र पुढे रुंद होऊन अजून रहदारी सोसतो आहे.

पण मला नवल वाटते ते या पुलावरून निघून गेलेल्या मुलांचे. एका पोलीस शिपायाच्या घरी 1820 मध्ये जॉन टिंडल जन्मला. जमीनमोजणीच्या खात्यात त्याने उमेदवारी केली आणि पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला. हवेतली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतात, हे त्याने 1859 पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवले. आज पृथ्वीच्या तापण्याची जी चिंता घरोघर बोलली जाते, तिच्या मुळाशी हे मोजमाप आहे. आपली मुले शास्त्राच्या पुस्तकात ‘टिंडल परिणाम’ घोकतात, तो टिंडल हाच.

1830 साली जन्मलेला पॅट्रिक मोरान सिडनीचा आर्चबिशप आणि ऑस्ट्रेलियाचा पहिला कार्डिनल झाला. 1840 चा माइल्स किओ आधी पोपच्या सैन्यात, मग अमेरिकेच्या घोडदळात गेला आणि 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत पडला. त्याचा घोडा ‘कोमान्ची’ जखमी अवस्थेत सापडला. त्याची मोठी शुश्रूषा झाली आणि पुढे पंधरा वर्षे तो दिमाखात जगला!

बॅरोवरची मालवाहू पडावे केव्हाच थांबली. पडावे ओढणाऱ्या घोड्यांच्या काठावरच्या वाटेने आता लोक फिरायला जातात.